तळ्यातले मासे का मेले नाहीत?

१

डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. डोहगावच्या तळ्याच्या पाळीवर आचल सायकल रेटत चढली आणि गार वाऱ्यासोबत असा काही वास आला, की तिनं ओढणीचा बोळा थेट तोंडावर दाबला. सडक्या कांद्याच्या पोत्यात कुणी ओलं कुत्रं बांधून ठेवावं ना, अगदी तसा.

दर शनिवारी सकाळी तलावमित्र तळ्यावर जमायचे. प्लास्टिक वेचायचं, पाखरं मोजायची, पाटीवर लिहायची. आचल सगळ्यांच्या आधी पोचायची. दहावीत गेल्यापासून आपल्याला सगळं येतं असं तिला वाटायला लागलं होतं, आणि गंमत म्हणजे बरंचसं खरंच येत होतं. थापट्या कोणता, चक्रवाक कोणता, हे ती नुसत्या उडण्यावरून सांगायची.

आज काही उडत नव्हतं.

पाखरं बघायच्या बांबूच्या माचाणासमोर, चिखलाच्या काठावर, पट्टकादंब पडले होते. हिमालय ओलांडून आलेली ती देखणी पाखरं. डोक्यावरचे दोन काळे पट्टे चिखलात रुतलेले, माना उलट्या वळलेल्या, चोचीतून हिरवट चिकट लाळ. एकाच्या डोळ्यात मुंग्यांची रांग शिरत होती, न घाबरता, जसं काही स्वतःच्याच घरात. त्यांच्या बाजूला चार-दोन चक्रवाक. आचल खाली बसली आणि सकाळचा चहा तिथंच बाहेर आला.

थोड्याच वेळात सगळे जमले. अमरावतीहून भगवंतराव सर आले. डोक्यावर टोपी, पायात पांढरे शुभ्र बूट. तलावमित्र मंडळ त्यांनीच काढलेलं, या तळ्याला अभयारण्याचा दर्जा मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षं खेटे घालत होते. परवाच, गुरुवारी, कुणी मोठे साहेब पाहणीला आले होते, आणि पाखरांची गर्दी बघून जाम खूश होऊन गेले होते. आचलच्या लेखी जगात दोनच माणसं हुशार होती, एक सर आणि दुसरी ती स्वतः.

सर पाणकणसांत शिरले आणि रुमालात धरून काहीतरी उचलून बाहेर आले.

"हे बघा," ते म्हणाले.

फवारणीच्या औषधाचा डबा होता.

गर्दी एकदम मागं सरकली. कुणी कुणाला ढकललं नाही, नुसती सरकली. ती वर्षंच तशी होती. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत त्या डब्यानं चुली विझवल्या होत्या, आणि डोहगावातल्या दोन. त्या डब्याकडं टक लावून बघायची कुणाची छाती नव्हती. सरांनी तो उंच धरला. बुडातून गढूळ पाण्याची बारीक धार त्यांच्या पांढऱ्या बुटावर पडली, तशी त्यांनी पाय झटकला. त्यांच्या नखांच्या कडा गुलाबी दिसत होत्या. परवाच्या साहेबांच्या सत्काराचा गुलाल असेल, असं आचलला वाटलं आणि ती पुन्हा ओढणीत तोंड खुपसून उभी राहिली.

"पाण्यात विष कालवलंय कुणीतरी," सर म्हणाले.

"कुणीतरी कायले म्हन्ता सर?" तळ्याला लागून ज्यांचा हरभरा होता ते महादेवराव गरजले. "तळ्याचा ठेका कोनाचा हाय, थे पाहा नं!"

सगळ्या माना एकदम पाण्याकडं वळल्या. तिथं डोंगीत अब्दुल रहीम उभा होता. शिंगाड्याचा आणि मासोळीचा ठेका त्याचा. आणि त्याच्यामागं, हातात शिंगाड्याची टोपली घेऊन, आचलची जीवाभावाची मैत्रीण यास्मीन.

सरपंच मैनाबाईंनी पदर खोचला. "उद्या ग्रामसभा. रहीमभाई, उद्या तुमी सांगाचं का हे तुमी नाई केलं. नाई सांगता आलं, तं ठेका खतम."

२

"ठेका गेला का मी गेली," यास्मीन म्हणाली. दोघी तिच्या अंगणात बसल्या होत्या. "अब्बा म्हन्ते, नांदगाव पेठले मामू हाय. तिथं कपड्याच्या मिलात लागू. मंग माही दहावी कोन देईन? तू देशीन काय?"

"दिली असती. पन तुहं गणित कोन सोडवनार?"

यास्मीन हसली नाही. "पयले सांग. तुले काय वाटते? अब्बानं केलं?"

आता इथं आचलनं पटकन 'नाही' म्हणायला हवं होतं. पण तिला आठवलं, मागच्याच महिन्यात सर आणि रहीमचाचा पाळीवर कडाकडा भांडले होते. सर म्हणाले होते, जाळी काढा, पाखरांचे पाय अडकतात. चाचा म्हणाले होते, तुमचे पाखरं माह्या शिंगाड्याचे वेल उपटून राहिले, त्यायले सांगा नं. हे सगळं आठवण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा यास्मीनला पुरेसा होता.

"जाय मंग," ती म्हणाली. "सरायच्याच घरी जाय."

"थांब वो! मी इचार करून राहिली."

"मैत्रिनीले इचार करा लागते काय?"

तेवढ्यात यास्मीनची आई कुलसुमबी बाहेर आली. तिच्या हातातल्या ताटलीत तळलेली मासोळी होती, कडेला कांदा. "भांडाचं थे खाऊन भांडा," ती म्हणाली.

आचलच्या डोळ्यांसमोर मुंग्यांची रांग आली. "चाची, तळ्यातली हाय?"

"नाई तं काय मुंबईची? आज फजरले, दिवस निघाच्या पयले, जाळं काढलं."

"पन पान्यात जहर हाय नं!"

"जहर!" कुलसुमबीनं ताटली आदळली. "हे मेल्या कढईत उड्या मारत व्हत्या बेटा. जहर असतं तं पयले कोन मेलं असतं, पाखरू का मासा? माह्या घरवाल्याले जलील करनाऱ्यायले येवढं बी समजत नाई काय?"

आचल ताटलीजवळ सरकली. मग तिनं ताटलीतली मासोळी उचलली आणि, सकाळचा वास आठवत असतानाही, पूर्ण खाल्ली. यास्मीन बघत राहिली.

"चाल," आचल तोंड पुसत म्हणाली.

"कुटं?"

"पानकावळे पाहाले."

पाळीवरून दिसलं ते असं. बुडालेल्या बाभळीवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, पोटं टम्म. ते दिवसभर मासोळीच गिळतात. काठाला बगळे ऐटीत उभे. खंड्या पाण्यात सूर मारत होता. सगळे ठणठणीत. मेले होते ते फक्त कादंब आणि चक्रवाक. दाणा आणि गवत टिपणारे.

"जहर पान्यात नव्हतंच," आचल पुटपुटली. "पन मंग डबा तळ्यात कायले फेकला?"

३

महादेवरावांना विचारायला हिंमत लागायची. ते धुऱ्यावर बसून हरभरा सोलून खात होते.

"मीच म्हटलं व्हतं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "दिवाळीत म्हटलं, पारावर म्हटलं, तुह्या त्या सरायच्या तोंडावर म्हटलं, का एक दिवस या पाखरायले औषध घालतो. मांगच्या साली अर्धा हरभरा चरून गेले, अन् वरतून हे शहरातले लोक टाळ्या वाजवते, कित्ती सुंदर, कित्ती सुंदर! माह्या वावरात पाय ठेवून, माह्या हरभऱ्यावर!"

"मंग घातलं काय काका?"

"घातलं असतं तं सांगितलं नसतं काय? मी कोनाच्या बापाले भेतो?" त्यांनी घाटे तिच्या ओंजळीत टाकले. "तोंडानं मारनं निराळं अन् हातानं मारनं निराळं, पोरी. माह्या सख्ख्या भावानं थे औषध घेतलं. मी आजकाल फवारनी बी दुसऱ्याच्या हातानं करून घेतो."

आचलनं घाटे ओढणीत घेतले. ती उठली, तर पाठीमागून त्यांचा आवाज आला, "पन थो रहीम गोड बोल्या हाय, सांगून ठेवतो!"

मग गोदाबाईंचा कोंडवाडा. सुटलेली जनावरं कोंडायची ही दगडी खोली आता गावाच्या बायांनी घेतली होती. त्या औषधानं गावातलं दुसरं घर उजाडलं त्या वर्षी बचत गटानं ठरवलं की फवारणीचा एकही डबा कुणाच्या घरात राहणार नाही. सगळे इथं, कुलपात. सकाळी न्यायचा, काम झालं की संध्याकाळी परत आणायचा. पुरुषांनी खूप तोंड वाकडं केलं. गोदाबाईंनी वाकडं तोंड बघितलंच नाही. किल्ली कमरेला लावली आणि विषय संपला.

"मावशी, रहीमचाचानं डबा नेला व्हता काय?"

"नेला व्हता नं. शिंगाड्याच्या वेलावर भुंगे पडले व्हते. त्याच दिवशी आनून बी देला. थो पाय, कोपऱ्यात. भरला हाय अर्धा."

"मंग आज सापडलेला कोनाचा?"

"काय मालूम मा? माह्याजवळचा एकबी कमी नाई." गोदाबाई जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात एक रिकामा डबा उपडा. त्यांनी बुडावर मोठा खिळा टेकवला आणि हातोडा घातला. ठण्ण! खिळा आरपार. हे आचलनं शंभरदा पाहिलं होतं. डबा रिकामा झाला की बाया त्याच्या बुडाला भोक पाडायच्या, म्हणजे कुणी त्यात घासलेट, गोडंतेल की पाणी भरायला नको. मग तो कोंडवाड्याच्या मागच्या ढिगात. डोहगावातलं शेंबडं पोरही ढिगातल्या डब्याला हात लावायचं नाही, कारण त्यात काहीच राहत नाही हे त्याला ठाऊक होतं.

गोदाबाईंनी डबा उचलला. भोकातून उरलेसुरले दोन तपकिरी थेंब टपकले.

आचलला एकदम एक पांढरा बूट दिसला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "भोक पडलेल्या डब्यात औषध घेऊन कोनी तळ्यापर्यंत जाईन काय?"

"येडी झाली काय वो? अर्ध्या वाटेत सांडून जाईन नं सारं."

४

मेलेल्या कादंबाच्या पोटात काय आहे ते बघायला यास्मीननं सुरी आणली. तिच्या घरी कोंबडी कापायला तिचेच हात लागायचे, त्यामुळं ती तरबेज होती. आचलनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की कापणार मी, आणि पिसं बाजूला सारताना कातडीखालून काहीतरी वळवळलं तशी ती तीन ढांगा मागं जाऊन उभी राहिली.

"अळ्या हायेत," यास्मीन म्हणाली. "तू पाखरं मोज तिकडं."

"मी पाहून राहिली! काप तू."

गळ्याखाली दाण्याची पिशवी असते, ती टच्च फुगलेली होती. यास्मीननं एक चीर दिली आणि आंबलेला, गोडसर, ओकारी काढणारा भपकारा उठला. आत गहू. पाण्यानं फुगलेला, ओंजळभर गहू.

"या दिवसात गहू कुटून आला?" यास्मीन म्हणाली. "वावरात तं आताच कुटं उगोला."

आचल नाक दाबून पुढं आली. एक दाणा तिनं काडीनं उचलला, सोबतच्या तांब्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवला आणि उन्हात धरला. दाणा गव्हाळच होता. पण गव्हाच्या पोटाला जी चीर असते ना, त्या चिरेत रंग होता. गुलाबी. दुसरा दाणा घेतला, त्याच्याही चिरेत गुलाबी. तिसरा, चौथा, सगळे.

दोघी शेतकऱ्यांच्याच गावातल्या. बियाण्याला औषध चोळून तो गुलाबी रंग देतात, तो यासाठीच की हा दाणा खायचा नाही, फक्त पेरायचा, हे आंधळ्यालाही कळावं.

"कोनी तरी धुतला हा," आचल म्हणाली. "रंग घालवाले. वरचा गेला, चिरेतला राहिला."

"मारासाठी टाकला तं धुवीन कायले? मारनाऱ्याले रंगाचं काय?"

हा खरा प्रश्न होता. आचल त्याच्याभोवती फिरत राहिली. ज्याला पाखरं मारायची असतील तो बियाणं धुणार नाही. धुतं ते कोण? ज्याला पाखरं मारायची नव्हती. ज्याला ती फक्त जवळ यायला हवी होती. माचाणासमोर. नीट दिसतील अशी.

तिनं दाणे ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधले आणि ती थेट पारावर गेली.

शिवम पारावर मोटरसायकल पुसत होता. तो गावातलाच, अमरावतीला कॉलेजात शिकणारा, मंडळाचे फोटो काढणारा आणि सरांचं सामान गाडीवर आणणारा.

"शिवमदादा, बुधवारी तू पोतं आनलं व्हतं काय रे सरायसाठी?"

फडकं थांबलं. "कोनतं पोतं?"

"गव्हाचं."

"मी नाई आनलं."

"मंग तुह्या गाडीच्या कॅरिअरले गुलाबी काय लागलं हाय?"

शिवमनं कॅरिअरकडं बघितलंच नाही, थेट तिच्याकडं बघितलं. "मले काई मालूम नाई. मले म्हटलं पाखरायचा खाऊ हाय. तू सरायलेच इचार," असं म्हणून त्यानं किक मारली आणि फडकं तिथंच पडलेलं ठेवून तो निघून गेला.

५

विचारायला जावं लागलं नाही. रविवारी सकाळी सरच तळ्यावर तिच्याजवळ आले. रात्रीतून आणखी कादंब पडले होते. एकाचा पंख अजून हलत होता. आचलनं त्याला मांडीवर घेतलं होतं, आणि त्याची चिकट लाळ तिच्या सलवारीवर ओघळत होती.

"आचल बेटा," सर म्हणाले, "शिवम भेटला होता मला."

ती कादंबाची मान सरळ करत राहिली.

"तू हुशार आहेस. म्हणून तुझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलतो. समजा, कुणाच्या हातून एक चूक झाली. चांगल्या हेतूनं. समजा, साहेब एकदाच येणार होते आणि त्यांना पाखरं दिसली नसती, तर हे तळं कायमचं गेलं असतं. प्लॉट पडले असते इथं. आता ते वाचणार आहे. दोन महिन्यांत अभयारण्य जाहीर होईल. हजारो पाखरं वाचतील. ही गोष्ट बाहेर आली तर सगळं मुसळ केरात."

"अन् रहीमचाचा?"

"त्यांना दुसरं तळं मिळेल. मी स्वतः शब्द टाकीन. नाहीतरी अभयारण्य झालं की जाळी काढावीच लागली असती." ते वाकले. आवाज लोण्यासारखा झाला. "पुण्याला पक्षीमित्रांचं शिबिर आहे मे महिन्यात. तुझं नाव मी पहिलं घातलंय."

पुणे! महिन्यापूर्वी कुणी हे सांगितलं असतं तर तिनं पाळीवरून उडीच मारली असती. आता तिला सरांच्या अंगाला येणारा साबणाचा मंद वास आला आणि तो त्या मेलेल्या पिशवीतल्या वासापेक्षा किळसवाणा वाटला.

मांडीवरच्या कादंबाचा पंख थांबला.

"गुरुवारी सत्काराले गुलाल नव्हता सर," ती एवढंच म्हणाली. "तुमीच नको म्हटलं व्हतं. तळ्यात जाते म्हनून."

सरांनी हात खिशात घातले. मग त्यांनी एक हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. "शहाणी मुलगी आहेस. दुपारी सभेत गप्प बसशील, मला खात्री आहे."

ते गेल्यावर आचल हापशावर गेली आणि डोकं धुतलं. डिसेंबरच्या थंडीत, दात वाजेपर्यंत, दोनदा.

६

सभा शाळेच्या पटांगणात भरली. अब्दुल रहीम एकटा मधोमध उभा होता. कुलसुमबी आणि यास्मीन भिंतीला टेकून. सरांनी निसर्गावर फार सुंदर भाषण केलं. सापडलेला डबा टेबलावर ठेवला होता, तोही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

"रहीमभाई, बोला," मैनाबाई म्हणाल्या.

"काय बोलू बाई? मी पाखरायशी भांडलो, कबूल. पन रोज त्यायच्याच संगं पान्यात राहतो मी. खुदा कसम, मी नाई मारले."

"कसमा तं सारेच खाते!" महादेवराव ओरडले. मागून आणखी दोन-चार आवाज उठले. ठेका काढायला हात वर करायची वेळ आली.

"मले एक तांब्या पानी पाहिजे," आचल म्हणाली.

लोक हसले. कुणी म्हणालं, पोट्टीले तहान लागली. तोवर ती टेबलाजवळ पोचली होती. सर म्हणाले, "पुराव्याला हात लावू नकोस," पण तिनं पिशवी फाडली होती. डब्याला हात लावताना अंगावर काटा आला. तरी तिनं तो उचलला आणि वरून तांब्या ओतला.

बुडातून बारीक धार लागली. सभा त्या धारेकडं बघत राहिली.

"अवो, हा तं माहा खिळा!" गोदाबाई उभ्याच राहिल्या. "हा आपल्या ढिगातला डबा हाय!"

"हाव मावशी." आचलचा आवाज आधी चिरकला, मग ठाम झाला. "सांगा मले, गावातलं कोन या डब्यात जहर भरून नेईन? कुलसुमचाची स्वतः बचत गटात हाय, खिळे ठोकते. चाचाले मालूम नसन काय? महादेवकाकाले नसन? हा डबा जहर न्यासाठी नाई नेला. आपल्याले दाखवासाठी नेला. अन् ज्यानं नेला, त्याले आपल्या खिळ्याचं मालूमच नव्हतं. म्हंजे थो गावातला नाई."

गोदाबाईंनी पुढं येऊन भोकावर बोट टेकवलं.

"पान्यात जहर असतं तं मासे मेले असते. पानकावळे मेले असते. मेले फक्त दाना खानारे, अन् फक्त माचाणासमोर." तिनं ओढणीची गाठ सोडून दाणे मैनाबाईंच्या हातावर ठेवले. "चिरेत पाहा. पेराचं बियानं हाय. धुवून टाकलं. साहेब येनार व्हते, पाखरं फोटोले जवळ पाहिजे व्हते म्हनून."

"ही लहान मुलगी आहे, काहीही—" सर उठले.

"मी आनलं पोतं." शिवम मागच्या ओळीत रडत उभा होता. "सरायच्या साळ्याच्या कृषी केंद्रातून. मांगच्या सालचं राहिलेलं. सरायनं माचाणाच्या मांगं टोपल्यात धुतलं. मी पान्याच्या बकेटी भरून देल्या."

"मी धुतलं होतं ना!" सरांचा आवाज फाटला. "चांगलं खळखळून धुतलं होतं! पाणी स्वच्छ येईपर्यंत! मला काय माहीत की—"

ते थांबले, पण उशीर झाला होता.

"शनिवारी तं मालूम झालं व्हतं नं सर?" आचल म्हणाली. "आमच्या पयले येऊन मेलेले पाहिले, तवाच तुमाले समजलं. तवा सांगितलं असतं तं आपुन दाना उचलला असता. तुमी ढिगात डबा शोधत बसले. अन् रातच्याले घरी जाऊन झोपले. काल रातचे जे मेले, थे कोनत्या चांगल्या हेतूनं मेले?"

मग मात्र पटांगण उसळलं. महादेवराव सगळ्यांत पुढं. "हाकला याले! मी पयलेच म्हनत व्हतो!" तोच आवाज, तेच तोंड, तोच ताणलेला हात. फक्त दिशा बदललेली. कालपासून चाचाला चोर म्हणणारे आता त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मैनाबाईंनी ठेका कायम म्हणून जाहीर केलं तेव्हा टाळ्याही वाजल्या. आचलला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. तो झाला नाही, ती जाऊन यास्मीनशेजारी भिंतीला टेकली.

अब्दुल रहीमनं खांद्यावरचा हात बाजूला केला आणि गर्दीतून वाट काढत सरांसमोर जाऊन उभा राहिला. आता हा मारतो, असं वाटलं.

"दाना कुटं कुटं टाकला?" त्यानं विचारलं.

सरांना प्रश्न कळेना.

"अरे साहेब, दिवस बुडता थवा येते काठावर. दाना पडलाच हाय नं चिखलात. कुटं टाकला थे दाखवा. चाला!"

गाव चिखलात उतरलं. घमेली, सुपं, चाळण्या, जे हाताला येईल ते. मैनाबाई गुडघ्यापर्यंत, गोदाबाई कोपरापर्यंत. सरांचे बूट केव्हाच चिखलात रुतून राहिले, ते अनवाणी बोट दाखवत फिरत होते, इथं, इथं पण, आणि तिकडं थोडा. मेलेली पाखरं उचलावी लागत होती. हातात येताना त्यांची कातडी सुटत होती. कुणी ओकलं, तोंड धुतलं, पुन्हा वाकलं. गहू निघत राहिला. फुगलेला, मोड आलेला, बोटांतून निसटणारा. सूर्य पळसांच्या मागं गेला तरी निघतच होता.

"आले!" शिवम ओरडला.

वलगावच्या दिशेनं आभाळात पहिली रेघ उमटली. मग दुसरी. कादंबांचा तो भरलेल्या गळ्याचा आवाज, जो ऐकायला आचल पहाटे गोधडी फेकून यायची.

"येऊ देऊ नका!" रहीमचाचा ओरडला. "वाजवा!"

बायांनी घमेली बडवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. महादेवरावांनी वावरातले सुतळी बॉम्ब आणले आणि पाळीवर पेटवले. सर एक परात हातात धरून नुसते उभे होते. ओठ हलत होते, हात हलत नव्हता.

"वाजवा नं सर," कुलसुमबी म्हणाली. "तुमचेच पाखरं हायेत नं?"

त्यांनी वाजवली.

आचलचा आवाजच निघेना. रेघ खाली झुकली होती, पंखांची फडफड ऐकू येत होती, पुढच्या पाखराच्या डोक्यावरचे दोन पट्टे संधिप्रकाशात स्पष्ट दिसत होते. ते पाय पुढं काढून उतरायला आलं होतं.

चिखलानं माखलेला एक कोपर तिच्या कुशीत बसला. "बोलत तं लय व्हती सभेत," यास्मीन म्हणाली. "आता ओरड नं वो!"

आणि आचल ओरडली. जा! नका येऊ! जा इथून! तिला येत होत्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या तिनं घातल्या, घमेलं बडवलं, चिखलाचे गोळे फेकले. डोळ्यांतून काय वाहत होतं ते पुसायलाही हात रिकामा नव्हता.

पुढच्या पाखरानं पाय आत ओढले. थवा काठावरून तिरका झाला, एक मोठा वळसा घेतला आणि अंधारात दुसरीकडं कुठंतरी निघून गेला.

"वाजवत राहा," रहीमचाचा म्हणाला. "मांगून अजून येऊन राहिले."